हंगामाच्या मध्यावर बदललेले सहप्रशिक्षक: मुंबईतील एका रग्बी वर्गाचे परीक्षण

मुलांच्या क्रीडावर्गाच्या माहितीपत्रकावर मुख्य प्रशिक्षकाचे छायाचित्र ठळक असते आणि सहप्रशिक्षकांची नावे तळाशी बारीक टायपात असतात. मैदानावर मात्र मूल बहुतेक वेळ त्या बारीक टायपातल्या माणसाच्याच हाताखाली असते. मध्य मुंबईतील ज्या रग्बी वर्गाला माझा मुलगा जातो, त्या वर्गाने पावसाळी हंगामाच्या ऐन मध्यावर टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून खाली पाडणे, शिकवणारे सहप्रशिक्षक बदलले. या सेवेविषयी लिहिताना मैदान, साहित्य आणि शुल्क यांपेक्षा मला या एका बदलाविषयीच अधिक लिहिणे भाग आहे, कारण चांगल्या चाललेल्या वर्गाची घडी त्यानेच विस्कटली आणि ती पुन्हा बसवताना क्लबचा खरा कारभारही त्यानेच दाखवून दिला. क्लबचे नाव मी घेत नाही. जे येथे घडले ते क्रिकेटच्या, फुटबॉलच्या किंवा पोहण्याच्या कोणत्याही वर्गात घडू शकते, आणि पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे हे पालकांना कळावे एवढाच हेतू आहे.

वर्ग बारा ते सोळा वयाच्या मुलामुलींसाठी आहे. आठवड्यातून तीन संध्याकाळी सराव असतो, तीन महिन्यांचे शुल्क आगाऊ भरावे लागते आणि ते परत मिळत नाही. मुंबईत रग्बीची परंपरा जुनी आहे. १८७५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या खेळला गेला आणि या शहरात तो प्रामुख्याने पावसाळ्यातच रंगतो. उन्हाळ्यात टणक झालेल्या जमिनीवर पडले की ढोपरे सोलवटून निघतात, जुलैमध्ये तीच जमीन अंगाखाली दबते. तरीही मराठी घरांत हा खेळ परकाच राहिला. २०२५ च्या जूनमध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला, तेव्हापासून आमच्या इमारतीतसुद्धा त्याची थोडीफार चौकशी होऊ लागली आहे.

मैदान आणि साहित्य यांबाबत तक्रारीला जागा नाही. वयानुसार चार आणि पाच क्रमांकाचे चेंडू वेगळे ठेवलेले असतात, टॅकल बॅगा फाटक्या नसतात, आणि माउथगार्ड विसरलेल्या मुलाला त्या दिवशी अंगाला अंग लागणाऱ्या सरावातून बाहेर ठेवले जाते, मग पालक कितीही गयावया करोत. कपडे बदलण्याची खोली म्हणजे पत्र्याचा आडोसा आहे आणि पाऊस जोराचा असला की चिखलाने माखलेली मुले तशीच लोकलमध्ये चढतात. त्याची सवय होते.

मुख्य प्रशिक्षक शनिवारी येतात. ते या खेळातले नाणावलेले खेळाडू होते आणि त्यांच्या नावावरच वर्ग भरतो, यात शंका नाही. उरलेल्या दोन दिवसांपैकी एक पासिंगचा आणि एक टॅकलचा. हे दोन्ही दिवस सहप्रशिक्षकांच्या हाती. जूनमध्ये टॅकलचा दिवस ज्यांच्याकडे होता त्या सरांची पद्धत मी बाकावर बसून नीट पाहिली आहे, कारण लालबागमध्ये कबड्डीच्या घरात वाढल्यामुळे पकड म्हटली की माझी नजर आपोआप तिकडे वळते. मुलांना उभ्याने एकमेकांवर सोडण्याची त्यांना अजिबात घाई नव्हती. पहिले काही तास दोघेही गुडघ्यांवर; मग पकडणारा गुडघ्यावर आणि चेंडू घेतलेला चालत; मग दोघे चालत; आणि धावणे सगळ्यांत शेवटी. प्रत्येक टप्प्यावर ते एकच गोष्ट तपासत: डोके कुठे आहे? चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या पुढ्यात डोके गेले, तर त्याचा गुडघा किंवा नितंब थेट कपाळावर बसतो; म्हणून खांदा मांडीवर, गाल त्याच्या पाठीमागच्या बाजूला चिकटलेला, डोळे उघडे आणि दोन्ही हातांचा विळखा गच्च. एखाद्याचे डोके चुकीच्या बाजूला गेले की ते शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवत, त्या मुलाला न ओरडता स्वतः चिखलात गुडघे टेकत आणि त्याच्या कानाला धरून डोके योग्य बाजूला ठेवून दाखवत.

टॅकल झाल्यानंतरचा भाग त्यांनी तितक्याच चिकाटीने शिकवला. रग्बी युनियनमध्ये, म्हणजे आपल्याकडे खेळल्या जाणाऱ्या रग्बीत, दोघे जमिनीवर आले की पकडणाऱ्याने समोरच्याला तत्काळ सोडून बाजूला व्हावे लागते. धरून ठेवले तर पेनल्टी. त्यासाठी त्यांची हाक ठरलेली होती: “सोड, लोळ, ऊठ!” महिनाभरात मुलांच्या अंगात ती इतकी मुरली होती की माझा मुलगा घरी सोफ्यावरून उशी ओढतानाही तीच बडबडत असे.

जुलैच्या अखेरीस एका रात्री पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर संदेश आला की यापुढे टॅकलचा सराव नवे सर घेतील. सोबत पुष्पगुच्छ स्वीकारतानाचे छायाचित्र होते. जुने सर का गेले, स्वतःहून गेले की त्यांना जायला सांगितले, नव्या सरांचा अनुभव काय, याविषयी अवाक्षर नव्हते. सहप्रशिक्षक नोकरी बदलतात आणि क्लबलाही आपली माणसे बदलण्याचा अधिकार आहे. पगार, वेळ, मतभेद अशी कारणे असतात आणि ती सगळी पालकांना सांगितली पाहिजेत असेही नाही. पण ज्या माणसाच्या शब्दावर आपले मूल दुसऱ्याच्या धावत्या गुडघ्यांत डोके घालते, तो माणूस बदलला असेल तर पुष्पगुच्छापेक्षा थोडी अधिक माहिती मिळायला हवी.

नवे सर मूळचे कबड्डीतले निघाले. मला आधी आनंदच झाला. पहिल्याच सरावात त्यांनी मुलांना समोरच्याचे खांदे किंवा चेंडू न पाहता कंबर पाहायला शिकवले, कारण खांद्याने आणि नजरेने हुलकावणी देता येते, कमरेने ती देणे फार कठीण. दोन पावलांचे अंतर राखून वाट पाहणे, धावणाऱ्याला रेषेकडे ढकलत नेणे, मग क्षणात खाली जाणे, हे कोपऱ्यावर उभे राहून चढाईपटूची वाट पाहणाऱ्याचे जन्मजात शहाणपण आहे आणि ते त्यांनी मनापासून दिले. वर्गात एक किरकोळ अंगाचा मुलगा होता, जो टॅकलच्या रांगेत नेहमी मागे मागे सरकत असे. त्याला त्यांनी चवडा काढायला, म्हणजे समोरच्याच्या घोट्यावर झेप घेऊन त्याला पाडायला, शिकवले आणि आठवड्याभरात त्याने वर्गातला सगळ्यांत दांडगा मुलगा दोनदा आडवा केला. त्या पोराच्या चेहऱ्यावरचे तेज पाहून बाकावरच्या पालकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांत मीही होते.

अडचण पुढे उघड झाली. कबड्डीत पकडलेल्या चढाईपटूला सोडायचे नसते. त्याचा हात मध्यरेषेला लागला तर त्याला धरलेले सगळे बाद होतात, म्हणून तीस सेकंदांची चढाई संपेपर्यंत किंवा त्याचा दम तुटेपर्यंत सगळ्यांनी मिळून त्याला जखडून ठेवायचे. नव्या सरांच्या हाकाही साहजिकच तशा होत्या: “धर, सोडू नको, साखळी लाव!” त्यातच ते मुलांना मोबाइलवर ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगच्या चित्रफिती दाखवू लागले, ज्यांत तीन-तीन बचावपटू एकाच खेळाडूला लटकलेले असतात. मुलांना ते फार आवडले. मग दुसऱ्या एका क्लबबरोबर झालेल्या सरावसामन्यात आमच्या मुलांनी टॅकल उत्तम केले आणि टॅकलनंतर समोरच्याला घट्ट धरून ठेवल्यामुळे पेनल्टीवर पेनल्टी दिल्या. पंचांची शिट्टी पुन्हा वाजली तेव्हा आमच्याच एका मुलीने सीमारेषेकडे वळून विचारले, “सर, सोडायचं की धरायचं?” सीमारेषेवर मुख्य प्रशिक्षक होते आणि नवे सरही होते. दोघांनी एकाच वेळी उत्तर दिले, आणि ती उत्तरे एक नव्हती.

येथे रग्बी लीगविषयी थोडे सांगायला हवे, कारण गोंधळाचे मूळ तिथे आहे. रग्बीच्या दोन वेगळ्या शाखा आहेत. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधील क्लबांनी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक घेऊन मूळ संघटनेशी फारकत घेतली. खेळण्यासाठी कामावर खाडा करणाऱ्या गिरणी व खाणकामगारांना बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी की नाही, हा वादाचा मुद्दा होता. गिरणगावात वाढलेल्या कोणालाही तो समजावून सांगण्याची गरज नाही. त्या फुटीतून उभा राहिलेला खेळ म्हणजे रग्बी लीग. त्यात पंधराऐवजी तेरा खेळाडू असतात, ट्रायला, म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवण्याला, पाचऐवजी चार गुण मिळतात आणि चेंडू असलेल्या संघाला सहा टॅकल होईपर्यंतच संधी असते. टॅकल झालेला खेळाडू उठून चेंडू पायाने मागे सरकवतो आणि खेळ पुढे चालू होतो. दरम्यान बचाव करणाऱ्यांना दहा मीटर मागे जायचे असते, त्यामुळे पकडलेल्याला उठायला जितका उशीर होईल तितका त्यांचा फायदा. म्हणूनच ऑस्ट्रेलियातील व्यावसायिक क्लबांनी कुस्तीच्या जाणकारांना आपल्या प्रशिक्षकवर्गात घेतले आणि मेलबर्न स्टॉर्म हा क्लब त्या बाबतीत सर्वांत गाजला. अर्थात तेथेही धरून ठेवण्याला मर्यादा आहे. टॅकलनंतर असा वेळकाढूपणा केला की समोरच्या संघाला सहा टॅकल पुन्हा पहिल्यापासून देण्याचा नियम ऑस्ट्रेलियाच्या लीगने २०२० मध्ये आणला.

म्हणजे नव्या सरांनी दाखवलेल्या चित्रफितींत चुकीचे काही नव्हते, फक्त तो खेळ दुसरा होता. तीन खेळाडूंनी एकाला लटकणे लीगमध्ये कामाचे आहे. युनियनच्या सात खेळाडूंच्या प्रकारात, ज्याची आमची मुले तयारी करत होती, तिघे एकाच ठिकाणी गुंतले की मैदानाच्या पूर्ण रुंदीसाठी चारच उरतात आणि पुढचा पास म्हणजे ट्राय.

लीगमधील क्लबांकडून खरे तर दुसरी गोष्ट घेण्यासारखी होती. तेथे मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली आक्रमणाचा वेगळा, बचावाचा वेगळा असे सहप्रशिक्षक असतात आणि हंगाम चालू असताना उलथापालथ होणे अपूर्वाईचे नाही. २०२४ मध्ये साउथ सिडनीने मुख्य प्रशिक्षक जेसन डेमेट्रिऊ यांना मध्येच दूर केले तेव्हा उरलेला हंगाम त्यांचे सहायक बेन हॉर्नबी यांनी सांभाळला. त्याच वर्षी पॅरामाटाने ब्रॅड आर्थर यांना काढले आणि सहायक ट्रेंट बॅरेट यांच्याकडे सूत्रे दिली. मुख्य माणूस गेल्यावर आतल्याच सहायकाला पुढे करण्यात आर्थिक सोय असेलही, पण त्याला संघाच्या हाका, सरावातील खुणा आणि प्रत्येक खेळाडूची दुखापत आधीच ठाऊक असते हे मोठे कारण आहे. सहायकच गेला तर काय होते, याचे उदाहरण पुन्हा मेलबर्नचे. क्रेग बेलामी तेथे २००३ पासून मुख्य प्रशिक्षक आहेत आणि त्यांच्या हाताखालचे स्टीफन कर्नी, मायकेल मॅग्वायर, ॲडम ओ’ब्रायन, जेसन रायल्स असे कितीतरी सहायक पुढे दुसरीकडे मुख्य प्रशिक्षक झाले. तरीही त्या संघाचा बचाव ओळखू येण्याइतका तोच राहिला, कारण टॅकल कसे करायचे हे एका सहायकाच्या डोक्यात बंद नव्हते, ते क्लबचे होते.

आमच्या क्लबमध्ये मात्र ते जुन्या सरांबरोबर निघून गेले. कोणते मूल कोणत्या टप्प्यावर आहे याची वही नव्हती. हाका कोणत्या, हे कोणी नव्या माणसाला सांगितले नव्हते. एक सराव तरी दोघांनी मिळून घेतला असता तर निम्मा गोंधळ टळला असता. नव्या सरांना मी दोष देत नाही. त्यांना जे येते ते त्यांनी प्रामाणिकपणे शिकवले. त्यांना रग्बीच्या नियमांचे एखादे प्राथमिक प्रशिक्षण देऊन मगच मैदानात उतरवणे हे क्लबचे काम होते.

पेनल्टींचे दुःख कोणी फार करू नये. मुले हरतात आणि शिकतात. गंभीर बाब दुसरी आहे. जुलैमध्ये एका मुलाच्या डोक्याला मार लागला होता. रग्बीत याबाबत जागतिक संघटनेचा दंडक स्पष्ट आहे: मेंदूला धक्का बसल्याची नुसती शंका आली तरी खेळाडूला लगेच बाहेर काढायचे, त्या दिवशी परत घ्यायचे नाही आणि पुढे टप्प्याटप्प्यानेच अंगाला अंग लागणाऱ्या सरावात आणायचे. जुन्या सरांनी ते काटेकोर पाळले होते; तो मुलगा बाजूला हलके धावत असे आणि पासिंगपुरता सामील होत असे. सर बदलल्यानंतरच्या पहिल्याच टॅकल सरावात त्याला इतरांबरोबर रांगेत उभे केले गेले, कारण नव्या सरांना कोणी काही सांगितलेच नव्हते आणि तेरा वर्षांचे पोर स्वतःहून “मला खेळायचं नाही” असे म्हणणार नाही. त्याची आई बाकावर होती म्हणून तिने हाक मारून थांबवले. ती त्या दिवशी आली नसती तर, हा विचार पालकांच्या मनातून अजून गेलेला नाही. पुष्पगुच्छाचे छायाचित्र काढायला ज्यांना वेळ मिळाला, त्यांना एका मुलाचे नाव नव्या माणसाच्या कानावर घालायला मिळाला नाही, याला मी निष्काळजीपणाच म्हणेन.

पालकांनी एकत्र जाऊन तक्रार केल्यावर क्लबने काय केले, हेही सांगितले पाहिजे. व्यवस्थापकांनी आधी “सगळं नीट चाललंय, मॅडम” या थाटात बोळवण करून पाहिली. मुख्य प्रशिक्षकांनी मात्र ऐकून घेतले, आणि त्यानंतर काही आठवडे टॅकलच्या दिवशीही ते स्वतः आले. त्यांनी नव्या सरांसमवेत हाका पुन्हा ठरवल्या: पकडेपर्यंतचे सगळे नव्या सरांच्या पद्धतीने, जमिनीवर आल्यानंतरचे सगळे जुन्या पद्धतीने. डोके कोणत्या बाजूला हवे, यावर पुन्हा गुडघ्यांपासून सुरुवात झाली, कारण चवड्यावर झेपावताना मुलांची डोकी सर्रास पायांसमोर जाऊ लागली होती. दुखापतींची वही सुरू झाली. ती मैदानावरच्या प्रथमोपचार पेटीत असते आणि पालकांना पाहता येते. ऑगस्टच्या शेवटी झालेल्या सरावसामन्यात मुलांनी धावणाऱ्याला कबड्डीपटूसारखे हेरले, रग्बीपटूसारखे पाडले आणि वेळेवर सोडले. तो सामना आम्ही जिंकलो नाही, पण बचाव बघण्यासारखा होता, आणि त्यात दोन्ही सरांचा हात दिसत होता.

शुल्काच्या बाबतीत क्लब जराही वाकला नाही. ज्यांनी मध्येच मूल काढून घेतले त्यांना पैसे परत मिळाले नाहीत, पुढच्या तिमाहीत सवलतही नाही. माहितीपत्रकात सहप्रशिक्षकांची नावे छापून शुल्क घ्यायचे आणि माणूस बदलल्यावर अटींकडे बोट दाखवायचे, हे कागदोपत्री बरोबर असेल. व्यवहार म्हणून मला ते पटत नाही.

ज्यांना मुलांना या किंवा अशा कोणत्याही वर्गात घालायचे आहे, त्यांनी मुख्य प्रशिक्षकाच्या कारकिर्दीची चौकशी पाच मिनिटांत आटोपावी आणि उरलेला वेळ बुधवारी-गुरुवारी मैदानावर कोण असते, तो माणूस सुट्टीवर गेला तर त्याच्या जागी कोण येते आणि दुखापतींची नोंद कुठे असते, हे विचारण्यात घालवावा. शक्य असल्यास शनिवारचा नव्हे, मधल्या वारचा सराव बसून पाहावा. टॅकल शिकवणाऱ्याने मुलांना पहिल्याच दिवशी उभ्याने एकमेकांवर सोडले, तर घरी परतलेले बरे.

पाचपैकी गुण द्यायचे तर मैदान आणि साहित्यासाठी चार, मुख्य प्रशिक्षकांसाठी चार, मधल्या वारांच्या प्रशिक्षणासाठी आज साडेतीन आणि व्यवस्थापनासाठी दोन. मुलाचे पुढच्या तिमाहीचे शुल्क मी भरले आहे. पासिंग शिकवणारे सर दिवाळीनंतर पुण्याला जाणार असल्याचे मुलांकडून कळते. तेव्हा त्यांच्या जागी येणाऱ्या सरांनी किमान दोन सराव त्यांच्याबरोबर घ्यावेत, असे पत्र आम्ही काही पालकांनी क्लबला दिले असून त्याची पोच मिळाली आहे, उत्तर अजून आलेले नाही.